तुमच्यात चालत असेल!

‘ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवा’ ही पाटी सोसायटीत सगळेच वाचतात, आणि सगळेच एका पिशवीत गाठ मारून मोकळे होतात. वर्तकनगरातल्या या सोसायटीतही तेच चालायचं. मिसळलेला कचरा गाडीवाले नेत नसत. फाटकाशी तो कुजत पडे आणि येणारेजाणारे नाकाला रुमाल लावत.

शेवटी तळमजल्यावरचे राजरत्नकाका पुढे झाले. बँकेतून निवृत्त झालेला शांत माणूस. त्यांनी पंपघरामागे दोन ड्रम ठेवले आणि त्यांत ओल्या कचऱ्यावर अळ्या सोडल्या. त्या एका काळ्या माशीच्या अळ्या. ही माशी ना घरात शिरते, ना अन्नावर बसते. अळ्या उष्टंखरकटं फस्त करत आणि पोसल्या की काका त्या विठ्ठलवाडीला बहिणीकडे, रंभाताईंकडे नेत. तिथे त्यांच्या कोंबड्या त्यांवर तुटून पडत.

तिसऱ्या मजल्यावरच्या रुचिताला मात्र ते ड्रम डोळ्यांत खुपत. त्यातून तिच्या मुलीला, उर्वीला, बघायला रविवारी डोंबिवलीहून पाहुणे येणार होते.

“काका, ते ड्रम हलवा,” तिने शनिवारी सकाळी सांगितलं.

“का? वास येतो का?”

“वास नाही हो, पण अळ्या! शी! तुमच्यात चालत असेल हे, आमच्याकडे सोयरे यायचेत!”

काका आत वळले. त्यांनी दार लावून घेतलं.

आपण काय बोललो ते रुचिताला कळलं होतं. पण जीभ चावण्याऐवजी तिने मन घट्ट केलं. दुपारी सगळे झोपल्यावर ती वाळवीच्या औषधाची बाटली घेऊन खाली उतरली आणि दोन्ही ड्रमांत ती ओतून आली. कीडच ती, मेली तर कुणाचं काय बिघडलं?

रविवारी पाहुणे आले. चहापोहे झाले. मुलगा, अपूर्व, आणि उर्वी छान बोलत होते. तेवढ्यात अपूर्वची आई, संचिताबाई, म्हणाल्या, “अगं उर्वी, ते कचरा खाणाऱ्या अळ्यांचे ड्रम दाखव ना! फोनवर किती कौतुकाने सांगत होतीस!”

“आत्ता नको,” रुचिता घाईने म्हणाली. पण उर्वी सगळ्यांना घेऊन निघालीसुद्धा, रुचिताही मागोमाग उतरली.

पंपघरामागे रंभाताई उभ्या होत्या. पायाशी गोणपाटावर त्यांच्या कोंबड्या पडल्या होत्या, माना टाकलेल्या. राजरत्नकाका हात जोडून बहिणीला म्हणत होते, “माझीच चूक, रंभा. काल संध्याकाळी अळ्या सुस्त वाटल्या होत्या. मला वाटलं, उकाड्याने असेल. तशाच आणून दिल्या मी तुला.”

“दादा, सकाळी नातीसाठी अंडं उकडायला ठेवलेलं,” रंभाताई म्हणाल्या. “तेवढ्यात कोंबड्या तडफडताना दिसल्या, म्हणून फेकलं. तिने खाल्लं असतं तर?”

अरे देवा! हा विचार रुचिताच्या मनाला शिवलाच नव्हता! आपण ओतलेलं विष ड्रममधून कोंबडीत आणि कोंबडीतून एका लेकराच्या ताटापर्यंत गेलं होतं. आणि ज्या माणसाला आपण नको ते बोललो, तो आपला गुन्हा स्वतःच्या माथी घेत होता!

ती गप्प राहिली असती तर कुणालाही कळलं नसतं. पण तिला राहवेना.

“औषध मी ओतलं,” ती म्हणाली. “काल दुपारी.”

उर्वीने आईकडे पाहिलं आणि नजर वळवली. ती नजर रुचिताला कुठल्याही शिवीपेक्षा झोंबली.

काका तिच्याकडे वळले. मग म्हणाले, “रुचिताताई, या अळ्या तुमच्याच ताटातलं उरलेलं खात होत्या. घाण त्यांनी केली नव्हती, आपण सगळ्यांनी केली होती. ती निस्तरायला मी वाकलो, म्हणून तुम्हाला मीच घाणीतला वाटलो. ‘तुमच्यात’ म्हणालात. औषधाचं मी विसरेन. त्या शब्दाचं कसं विसरू?”

“चुकलं, काका. मी फार खाली उतरले,” रुचिता रडत म्हणाली आणि रंभाताईंकडे वळली. “ताई, भरपाई मी देते.”

“ती तर घेईनच,” रंभाताई म्हणाल्या. “पण नातीपुढे अंडं ठेवताना आता माझा हात कापेल. त्याची भरपाई कशी देशील?”



त्या दिवशी लग्नाचं पुढचं बोलणं निघालं नाही. पाहुणे गेल्यावर रुचिताने ड्रमांना कुणी हात लावू नये म्हणून पाटी लावली, पाटीवर कारणही स्वतःच्या नावानिशी लिहिलं. काकांनी नव्या अळ्या आणल्या, तेव्हा घरोघरचा कचरा निवडायला तीच बसली. पिशव्यांतून दुधाच्या रिकाम्या पिशव्या, फुटक्या काचा, वापरलेली ब्लेडं निघत. कुणी नाक मुरडत बाजूने गेलं की तिची मान खाली जाई, कारण ते नाक तिच्या ओळखीचं होतं.

मंडळी, कचरा प्रत्येकाच्या घरात होतो. तो उचलणाऱ्याला हलका समजणारा माणूसच खरा हलका! आपली घाण आपली म्हणायला शिकूया, आणि ती साफ करणाऱ्या हातांना आधी नमस्कार करूया.