लोलकाने धरलेला चोर

शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं खिडक्यांच्या गजांना लटकली होती, मागे पालक टाचा उंचावून उभे होते, आणि सगळ्यांचे डोळे एका काळ्या दोऱ्यावर. दोऱ्याला पितळी लोलक, दोरा दहावीच्या मॉनिटर मुलीच्या चिमटीत, खाली टेबलावर गोलात मांडलेल्या उघड्या चिठ्ठ्या. प्रयोगशाळेतला नवा मायक्रोस्कोप चोरीला गेला होता. तिथे ज्याचं ज्याचं जाणं-येणं, त्याच्या नावाची एकेक चिठ्ठी.

"मी काही करत नाही हं! मी तर लांब उभा!" चोर शोधायला बोलावलेले लोलक महाराज दोन्ही तळवे दाखवत म्हणाले. "ब्रह्मांडात सगळी कंपनं आहेत. सज्जनाची वेगळी, चोराची वेगळी. दोरा फक्त निष्पाप हातात हवा. बाळा, मनात विचार, चोर कोण?"

हा गृहस्थ आधी घरोघरी पाण्याचे फिल्टर विकायचा. तेव्हा त्याला पाण्यात कंपनं दिसायची. आता माणसांत दिसतात. धंदा सुधारला, माल तोच.

लोलक थरथरला. मग झुलायला लागला आणि झुलता झुलता एकाच चिठ्ठीकडे ओढ घेऊ लागला. मुख्याध्यापिका बाईंनी ती उचलून वाचली, "सफाईच्या मावशी."

मावशी दारातच उभ्या होत्या, हातात ओलं फडकं. "अहो बाई, मी कशाला नेऊ ते यंत्र? मला त्यातून काय बघायचंय?"

"ज्यांना पटलं त्यांनी हात वर करा," बाई म्हणाल्या.

सगळ्यात आधी वर गेले ते दहावीच्या वर्गाचे हात. वर्गातला एकच हात खाली राहिला. तो मावशींच्या मुलीचा. पाचवीपासून ती मॉनिटरच्याच बाकावर बसत आली होती.

"एकमत आहे. मावशी, उद्यापासून येऊ नका. पोलिसांत देत नाही, हे उपकार समजा."

कोपऱ्यात इतिहासाचे सर बसले होते. त्यांनी हात वर केला नाही, पण तोंडही उघडलं नाही. आणि याच माणसाला मुलं 'कशावरून सर' म्हणत! आठवड्यातला शेवटचा तास ते पुस्तक मिटून घ्यायचे. न्याय म्हणजे काय? आत्ता आपण स्वप्नात नाही हे कसं ओळखायचं? मुलांनी तावातावाने भांडायचं, आणि जो बोलेल त्याला सरांनी विचारायचं, "कशावरून?" शेवटी हात वर करायला सांगून जास्त हातांचं मत फळ्यावर लिहायचं : आजचा निष्कर्ष. पाहुणे आले की हा तास मुद्दाम दाखवत.

त्या आठवड्यात सर वर्गात आले तेव्हा मावशींची मुलगी शेवटच्या बाकावर एकटी बसली होती.

"आजचा विषय," सर म्हणाले, "माहीत असणं आणि वाटणं, यात फरक काय?"

"सर, लोलकाचं म्हणताय ना?" एकजण म्हणाला. "पण तिथे एकमत झालं होतं की! आपण असंच तर ठरवतो."

सरांचा चेहरा पडला. "हो. असंच ठरवायला मी शिकवलं. हात मोजले की खरं कळतं, हे तुमच्या डोक्यात मी घातलं. आणि परवा सभागृहात एक 'कशावरून' विचारायची माझी हिंमत झाली नाही. पुढे बोला."

"सर, शप्पथ, मी लोलक हलवला नाही." मॉनिटर म्हणाली. "आपोआप हलला."

"तू खोटं बोलतेयस असं मी म्हणत नाही. पण आपोआप, हे कशावरून?"

मग शेवटच्या बाकावरून आवाज आला, "चिठ्ठ्या पालथ्या ठेवा. तिला दिसायला नकोत."

मावशींची मुलगी पुढे आली. तिने दोऱ्याला खोडरबर बांधलं, तशाच चिठ्ठ्या केल्या. आधी उघड्या ठेवल्या. मॉनिटरने दोरा धरला. खोडरबर झुललं आणि पुन्हा मावशींकडेच गेलं. "बघा!" कोणीतरी ओरडलं. मग तिने चिठ्ठ्या पालथ्या घालून पिसल्या. आता खोडरबर नुसतंच घुटमळत राहिलं. शेवटी एकीकडे झुकलं. उलटून बघितलं तर मुख्याध्यापिका बाई! वर्ग खो खो हसला.

ती हसली नाही. तिने पुन्हा चिठ्ठ्या पिसल्या आणि मॉनिटरला म्हणाली, "सांगून टाकते. आईची चिठ्ठी तुझ्या उजव्या हाताला आहे."

खोडरबर उजवीकडे निघालं. चांगलं जोरात. सरांनी चिठ्ठी उलटली. त्यावर त्यांचंच नाव होतं.

"मी खोटं सांगितलं," ती म्हणाली. "आता दोरा खुर्चीच्या पाठीला बांधा."

खुर्चीला बांधलेलं खोडरबर सरळ लोंबत राहिलं. खुर्चीला कोणाचाच संशय येत नाही.

"अधांतरी धरलेला हात कधीच स्थिर नसतो," सर म्हणाले. "मनात जी दिशा असते तिकडे बोटं बारीकशी ढकलतात. धरणाऱ्याला कळतही नाही. लांब दोरा तोच बारीक धक्का मोठा करून दाखवतो. महाराजाला हे पक्कं ठाऊक, म्हणून तो स्वतः दोरा धरत नाही."

"म्हणजे..." मॉनिटर खाली बसली. "म्हणजे लोलकाला चोर ठाऊक नव्हता. त्याला माझ्या मनातलं कळत होतं."

"तुझ्या मनात माझी आई होती."

"प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याकडे असते, म्हणून गं..."

"किल्ली सरांकडेही असते. त्यांचे नकाशे तिथेच ठेवलेले असतात."

"हो." मॉनिटर म्हणाली. "पण सर चोरतील असं माझ्या मनातच आलं नाही."

त्या दिवशी फळ्यावर काही लिहिलं गेलं नाही. हात वर करणारी सगळी पोरं बाकांकडे बघत बसली होती.

सर तिथूनच तडक वर्ग घेऊन बाईंच्या खोलीत गेले. सगळं पुन्हा करून दाखवलं. महाराजांना बोलावलं, तर म्हणे शंकेखोर माणसांपुढे कंपनं येत नाहीत. सोयीची कंपनं! बाईंनी चडफडत मावशींना परत बोलावलं. मायक्रोस्कोप कोणी नेला ते अजून कळलेलं नाही. कळलेलं नाही, असं म्हणायला लाज वाटायचं कारण नाही. न कळता एखाद्याला चोर ठरवण्याची लाज वाटायला हवी.

मावशी कामावर आल्या तेव्हा मॉनिटर जिन्यात वाट बघत उभी होती. "मावशी, माझं चुकलं. मला माफ करा."

मावशींनी फडकं पिळलं. "केलं माफ. पण पोरी, एवढ्या चिठ्ठ्यांत तुला माझीच कशी गं दिसली?"

याचं उत्तर तुमच्याकडे आहे का? उद्या कोणी लोलक, नारळ नाहीतर काडी फिरवून तुमच्यासमोर चोर उभा करील, तेव्हा टाळ्या वाजवायच्या आधी विचारा : कशावरून? आणि हा प्रश्न महाराजाला विचारून थांबू नका. तो स्वतःला विचारा. महाराज रिकाम्या हातांनी येतो. आपण ज्याला आधीच चोर ठरवलेलं असतं, तोच तो आपल्याला दाखवून जातो.