उजेडात धरलेली चाळणी

मी एक जुनी चाळणी आहे. पीठ चाळणारी नव्हे, वाळू चाळणारी. एका कॉलेजच्या भूशास्त्राच्या लॅबमध्ये खिडकीशेजारच्या फळीवर मी असते. माझ्या कड्याला लाल दोरा बांधलेला आहे. लाल दोरा म्हणजे ‘हिला वापरू नका’. येणारा-जाणारा आधी दोरा पाहतो आणि मग मला. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला भर वर्गात बाकावर उभे केले असेल, तर मला काय वाटते ते वेगळे सांगायला नको.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पितळेचे कडे आधी तयार झाले, जाळी नंतर आली. एका कारागीर बाईने ती जाळी ताणून कड्यावर बसवली, कडेने वितळलेल्या धातूचा डाख लावून पक्की केली आणि मला दिव्यासमोर धरले. एक डोळा मिटून तिने माझे भोक न् भोक तपासले. “स्वच्छ आहे,” ती शेजारणीला म्हणाली आणि मला खोक्यात ठेवले. तेव्हा मला उजेडाची भीती नव्हती. उलट तिने मला अजून थोडा वेळ धरायला हवे होते, असे वाटले.

लॅबमध्ये आमचे मोठे कुटुंब होते. सगळ्यांत वर थोरली, तिची भोके मोहरीएवढी. मग एकीखाली एक, आणखी बारीक. मी मधली, माझे भोक पाव मिलिमीटरचे. माझ्याखाली धाकटी आणि तळाशी थाळी. थाळीला भोकच नाही, त्यामुळे सगळ्यांचे पोटात घालण्याचा तिचा स्वभाव. वरून वाळू ओतायची आणि शेकरचे यंत्र सुरू करायचे, की आम्ही सगळ्या थडथड नाचायला लागायचो. प्रत्येकीने आपल्या मापाची वाळू अडवायची आणि त्याहून बारीक असेल ती खालच्या बहिणीकडे जाऊ द्यायची. मग प्रत्येकीवरच्या वाळूचे वजन व्हायचे. जोराने वाहणारी नदी जाड वाळू आणते, संथ नदी बारीक. त्यामुळे आमच्या वजनांवरून नदीचा जोर कळायचा. नदीला स्वतःचे सांगता येत नाही, म्हणून तिच्या वतीने आम्ही सांगायचे. या कामाचा मला ताठा होता, हे कबूल करते.

दर उन्हाळ्यात वर्गांना कुलपे लागायची आणि मग लॅबमध्ये मुले यायची. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची, दोन महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी. पहिल्या आठवड्यात ती आम्हाला फार जपून हात लावायची आणि दुसऱ्या आठवड्यात आमच्यावर डबा ठेवायची. कोणी ओलीच वाळू चाळायला घ्यायचे. कोणी पिशव्यांवर शाईने खुणा करायचे, त्या घामाने पुसल्या जायच्या आणि मग कोणती वाळू कुठली यावर दोन मित्रांचे बोलणे बंद व्हायचे. एकाला तर वजन करताना अशी शिंक आली की सकाळभराची मेहनत टेबलाखाली गेली. तरी मला ती मुले आवडायची. शेवटच्या आठवड्यात त्यांना आपली नदी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकवत नसे, इतकी ती तिची झालेली असत.

त्यांना शिकवणारे सर एक नियम पहिल्याच दिवशी सांगत. जाळीत कण अडकला तर चाळणी उलटी धरून कड्यावर हलकेच थापटायची, मग मऊ ब्रश फिरवायचा. टोचायचे मात्र नाही. मुले माना डोलवायची. पण एका उन्हाळ्याच्या शेवटच्या दिवशी एका मुलीची गाडी सुटत होती आणि माझ्या कडेशी एक खडा रुतून बसला होता. तिने ओढणीची पिन काढली. खडा निघाला. त्याच्याबरोबर माझ्या दोन तारा तुटल्या. आवाज इतका बारीक झाला की तो मलाच ऐकू आला. ती मुलगी मला जागेवर ठेवून धावत गेली. तिला काही कळलेही नाही, त्यामुळे तिला मी दोष देत नाही.

चीर अगदी कडेला, डाखाच्या सावलीत होती. वरून पाहिले तर दिसायची नाही. पुढच्या उन्हाळ्यापासून एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. माझी स्तुती सुरू झाली. बाकीच्या चाळण्या घासताना मुलांचे हात दुखायचे, माझ्यावर मात्र वाळू थोडीच उरायची आणि थोडी उरली की घासायलाही थोडे. “ही मधली फार गुणाची आहे,” असे मुले म्हणायची. जी वाळू मी अडवायला हवी होती, ती चिरेतून धाकटीच्या अंगावर पडत होती आणि मला गुणाची म्हटले जात होते. वजनांची बेरीजही बरोबर जुळायची, कारण वाळू हरवत नव्हती, फक्त चुकीच्या घरी जात होती. मित्रांनो, शिव्या खाताना माणूस निदान मान खाली घालू शकतो. खोट्या स्तुतीच्या वेळी कुठे पाहायचे, हे मला अजून कळलेले नाही.

त्याच सुमारास लॅबमध्ये एक संशोधक मुलगी आली. सगळे तिला ताई म्हणत. गावाबाहेरच्या नदीवर, वरच्या अंगाला, नवा बंधारा झाला होता. त्याने नदीचा जोर कमी झाला का, हे तिला शोधायचे होते. ती दर वर्षी त्याच वळणावरची वाळू आणायची, आमच्यातून चाळायची आणि सरांनी बंधाऱ्याआधी चाळलेल्या वाळूशी ताडून पाहायची. पहिल्या वर्षी वाळू जराशी बारीक निघाली. दुसऱ्या वर्षी त्याहून बारीक, तिसऱ्या वर्षी आणखी. सर खूश, ताई खूश. खरे म्हणजे माझी चीर वाढत होती आणि कागदावर नदी मंदावत होती.

गेल्या उन्हाळ्यात ताईच्या हाताखाली प्रोजेक्टला एक मुलगी आली. अंगाने एवढीशी, पण वाळूच्या दोन-दोन पिशव्या खांद्यावर टाकून जिना चढायची, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणू लागले. तिच्या घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच. दुपारी ती फोन कानाशी आणि खांद्याशी दाबून धरायची आणि मला ब्रश करत आईशी बोलायची.

“दोन महिने वाळूच चाळायची?” आई विचारायची. “घरी कधी चाळणीला हात लावला नाहीस.”

“ही चाळणी वेगळी आहे गं.”

“वेगळी म्हणजे? भोकं नाहीत तिला?”

मुंगी खुदकन हसायची. मला हसू येत नसे.

तिची वाळू ताईच्या वाळूहून बारीक निघाली. सरांनी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. प्रोजेक्टच्या शेवटी सभागृहात प्रेझेंटेशन होते, बाहेरचे पाहुणे येणार होते आणि सगळ्यांत आधी बोलण्याचा मान मुंगीला मिळाला. तिने घरी कळवले. आईने एक दिवसाची रजा टाकली आणि इस्त्रीची साडी काढून ठेवली, हेही मला फोनवरूनच कळले.

आदल्या दिवशी मुंगीला पहिल्या स्लाइडसाठी वाळूच्या एका सुंदर कणाचा फोटो हवा होता. धाकटीवरची चिमूटभर वाळू तिने मायक्रोस्कोपखाली घेतली. गुलाबी, काचेसारखा एक कण दिसला तशी ती खुलली. मग थबकली. तो कण धाकटीवर असायला नको होता. माझ्यातून खाली जाऊच शकला नसता, इतका तो मोठा होता. तिने मोजला. दुसरा मोजला. तसे पुष्कळ निघाले. ती हळूच उठली, फळीवरून मला उचलले आणि खिडकीशी नेऊन उन्हात धरले.

कारखान्यातल्या त्या दिव्यानंतर मला कोणीही असे धरले नव्हते. एवढ्या वर्षांत ज्याची वाट पाहिली तेच घडत होते आणि मला मात्र जमिनीत गडप व्हावेसे वाटले. मुंगीने चिरेवरून नख फिरवले. बोटाच्या पेराएवढी झाली होती ती.

ती शेजारच्या इमारतीत गेली आणि तिथल्या लॅबमधून माझ्याच मापाची दुसरी चाळणी मागून आणली. तीच वाळू तिने पुन्हा चाळली. बंधाऱ्याआधी होती तशीच ती निघाली. नदी तसूभरही मंदावली नव्हती.

तिने ताईला बोलावले आणि मला तिच्यासमोर उजेडात धरले. ताईने चिरेवर बोट टेकवले. मग तिने लॅबचे दार लोटून घेतले.

“कोणाला सांगितलंस?”

“नाही. आधी तुम्हालाच.”

“उद्या तुझी आई येणार आहे ना?”

“हो.”

“मग उद्याचं होऊ दे. पाहुण्यांसमोर तमाशा नको. नंतर सरांना मी सांगते.”

“ताई, नंतर म्हणजे कधी?”

ताई टेबलावर सांडलेली वाळू गोळा करू लागली. तिचे कान लाल झाले होते. तिची तीन वर्षे माझ्या चिरेतून गळून गेली होती आणि ती चीर तिने पाडली नव्हती. मुंगी नळाशी गेली आणि उगाचच हात धूत राहिली. मित्रांनो, त्या क्षणी मलाही वाटले, की मुलीने ऐकावे, उद्याचा दिवस जाऊ द्यावा, मला फळीवर ठेवून द्यावे. वस्तू झाले तरी लाज झाकावी असे वाटतेच.

दुसऱ्या दिवशी तिने मला पिशवीत घालून सभागृहात नेले. शेवटच्या रांगेत तिची आई पदर सारखा करून ताठ बसली होती. मुंगी बोलायला उभी राहिली. पहिल्या स्लाइडवर गुलाबी कण आला. पाहुणे कौतुकाने पाहू लागले.

“हा कण खूप छान आहे,” ती म्हणाली, “पण तो चुकीच्या चाळणीत सापडला.”

मग तिने मला पिशवीतून काढले आणि प्रोजेक्टरच्या झोतात धरले. पडद्यावर माझी गोल, करडी सावली पडली आणि तिच्या कडेला माझी चीर, हातभर लांब, पांढरीफटक. सभागृहातल्या एकूण एक माणसाने ती पाहिली. “नदी मंदावली नाही,” मुंगी म्हणाली. “आमची चाळणी फाटली आहे. माझे सगळे आकडे चुकीचे आहेत.”

टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. सरांनी चष्मा काढला. “कधीपासून फाटली आहे?” त्यांनी विचारले. मुंगीने मान खाली घातली. तिला ते माहीत नव्हते आणि अंदाज सांगायचा तर ताईचे नाव घ्यावे लागले असते.

तेव्हा दुसऱ्या रांगेतून ताई उठली. “सर, माझेही आकडे हिच्यावरचेच आहेत,” ती म्हणाली. “तिन्ही वर्षांचे. मी हिला एकदाही उजेडात धरून पाहिलं नाही. आणि काल मुंगीला म्हटलं, नंतर सांगू.”

पाहुणे गेल्यावर आई पुढे आली. तिने मला हातात घेतले, इकडून तिकडून पाहिले आणि परत ठेवले.

“म्हणजे दोन महिने फुकट गेले?” तिने विचारले.

“हो,” मुंगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले. “तू एवढी रजा टाकून आलीस.”

“रजेचं राहू दे. आता काय करायचं?”

“ताईंची जुनी वाळू पिशव्यांत ठेवलेली आहे. सगळी पुन्हा चाळावी लागेल. अजून काही दिवस राहू का?”

आईने तिच्या खांद्यावरची वाळू झटकली. “राहा. घरचं धान्य काही पळून जात नाही.”

ताई आणि मुंगी जुन्या पिशव्या सोडत बसल्या. माझ्या जागी नवी मधली आली. पहिले दोन दिवस एकमेकींशी कामापुरतेच बोलणे. तिसऱ्या दिवशी ताईने मुंगीच्या डब्यातले न विचारता घेतले आणि मग सगळे सुरळीत झाले. ताईला मोठ्या मेहनतीने कळले ते इतकेच, की बंधाऱ्याने त्या वळणावर अजून काही बिघडवलेले नाही. सरांनी मला भंगारात टाकायला काढले होते. ताईने मला परत आणले आणि लाल दोरा बांधला.

निघायच्या दिवशी मुंगीने सगळ्या चाळण्या साफ केल्या. सर्वांत शेवटी तिने मला घेतले. मला आता कोणी वापरणार नव्हते, हे तिला माहीत होते. तरी तिने मला उलटे धरून कड्यावर हलकेच थापटले, मऊ ब्रश फिरवला आणि चिरेपाशी हात आणखी हळू केला. स्तुतीने मला कधी बरे वाटले नव्हते, तेवढे त्या वेळी वाटले.

मित्रांनो, तुमच्या हातात चाळणी असेल, तराजू असेल, मोजपट्टी असेल. तिला टोचू नका, पुसून ठेवा, हे तर झालेच. पण तेवढ्यावर थांबू नका. ती जुनी आहे, सवयीची आहे, गुणाची आहे म्हणून तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका. आम्हाला मधूनमधून उजेडात धरा. आम्हाला लाज वाटेल. वाटू द्या.

या उन्हाळ्यात नवी मुले आली. पहिल्याच दिवशी ताईने मला फळीवरून काढले. “ही माझी चाळणी,” ती म्हणाली. “हिच्यावर मी तीन वर्षं काम केलं. बघा.” मुले एकामागून एक मला खिडकीशी धरून पाहू लागली. मला तोंड लपवावेसे वाटते, पण चाळणीला लपवायला तोंड कुठले. सगळ्यांचे पाहून झाले, मला खाली ठेवले आणि मग कोणी न सांगता प्रत्येकाने आपापली चाळणी उचलली आणि खिडकीकडे नेली.