पैठणीच्या काठाखाली

टर्र असा आवाज झाला तेव्हा मला वाटलं, अन्वीच्या जॅकेटची चेन असेल. मग डावा खांदा एकदम हलका झाला.

आम्ही इंगोलश्टाटजवळच्या जंगलातल्या उंच मनोऱ्यावर होतो. वर चढायचं, झाडांचे शेंडे बघायचे, खाली येऊन पराठे खायचे, एवढाच रविवारचा कार्यक्रम. माझा नवरा हृषिकेश अजून वरच फोटो काढत होता. अन्वीला भूक लागली म्हणून मी एकटीच तिला घेऊन उतरायला लागले होते. ती पाठीवर, क्राक्सेत. मूल बसवून चालायची सॅक असते, तिला इथे बव्हेरियात क्राक्से म्हणतात. अडीच वर्षांची माझी लेक त्यात माझ्या डोक्यापेक्षा उंच बसते आणि राणीसारखी जग बघते.

जिन्याच्या पायऱ्या लोखंडी जाळीच्या होत्या. बुटांखाली थेट जमीन दिसत होती, तीही खूप खोल. कठडा माझ्या कमरेपर्यंत, म्हणजे अन्वीच्या जेमतेम पायांपर्यंत.

खांद्याचा डावा पट्टा वरच्या टोकाला उसवला होता. अजून पूर्ण सुटला नव्हता, पण एकेक दोरा तुटताना मला पाठीला कळत होता. सॅक मागे आणि डावीकडे कलली. डावीकडेच कठडा होता.

"हृषी!" मी ओरडले. म्हणजे, ओरडले असं मला वाटलं. तो आवाज शेजारच्या माणसालाही ऐकू गेला नसता.

"आई, हुंड!" अन्वीला खाली कुणाचा तरी कुत्रा दिसला होता. तो नीट दिसावा म्हणून ती कठड्यावरून वाकली. सॅक आणखी कलली.

"अन्वी, हलू नकोस. बाळा, अजिबात हलायचं नाही."

"वारूम?"

का म्हणे! घरी मराठीत बोल म्हणून मी रोज घसा फोडते, पण त्या क्षणी तिने कुठल्याही भाषेत काहीही विचारावं, फक्त स्वस्थ बसावं, एवढंच मला हवं होतं. ती सॅकला पक्की बांधलेली होती. सॅक मात्र माझ्यापासून सुटत होती.

तिचं वजन पाठीवर यावं म्हणून मी पुढे वाकले, पार गुडघ्यांपर्यंत. उजव्या हाताने आतल्या बाजूचा कठडा धरला आणि डावा हात मागे नेऊन पट्टा सापडेल तिथे मुठीत धरला. मुठीत पैठणीचा काठ आला. जांभळा, मोरांचा. या पट्ट्यावर माझ्या मैत्रिणीने, स्वरूपाने, हौसेने शिवलेला.

आपल्याकडे नव्या बाळाला आधी जुने कपडे घालतात ना, दुसऱ्या धडधाकट बाळाचे? इथल्या मराठी घरांत तसंच या क्राक्सेचं झालं होतं. एका घरातलं मूल चालायला लागलं की ती पुढच्या घरी जायची. माझ्याकडे ती स्वरूपाकडून आली, एश्बॉर्नला घर हलवताना. "लाभते हं ही," ती म्हणाली होती. "सगळी पोरं कशी गुटगुटीत झालीत बघ. आणि तो काठ तेवढा काढू नकोस." मी कशाला काढू? मला तर तो इतका आवडला की मी फोटो काढून आईला पाठवला. मग रोज अन्वीला किटात, म्हणजे पाळणाघरात, सोडायला तीच सॅक, आणि येताना तिच्याच तळाशी दूध, कांदे, कणकेची पिशवी. सगळा भार त्या दोन पट्ट्यांवर. एकदाही उलटून पाहिले नाहीत.

आता तो सुंदर काठ माझ्या मुठीत होता आणि खालून काहीतरी निसटत होतं. बसावं तर सॅक मागे ओढेल. काढावी तर सगळा भार एका खांद्यावर येऊन ती कठड्यापलीकडे जाईल. मी देवाचं नावही घेऊ शकले नाही, इतकी घाबरले होते.

वरून बूट वाजले. "अगं, पुढे कशाला..." हृषिकेश बोलता बोलता थांबला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "ऊर्मिला, आहेस तशीच राहा. बक्कल सोडू नकोस. मी धरलंय."

त्याने दोन्ही हातांनी सॅकची चौकट पकडली. आम्ही इंच इंच करत वळणावरच्या सपाट जागेपर्यंत आलो. त्याने अन्वीला उचलून छातीशी धरलं.

"नोखमाल!" अन्वी टाळ्या वाजवत म्हणाली. तिला पुन्हा तसंच डुलायचं होतं. मी मटकन खाली बसले आणि रडले.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते काठ उसवायचं. आता एक गंमत सांगते. हृषिकेश गाड्यांचे सीट बेल्ट तपासतो. दिवसभर मशीनवर पट्टे ओढून ओढून तोडणं हीच त्याची नोकरी, आणि स्वतःची पोर ज्या पट्ट्यावर लटकते तो त्याने कधी पाहिला नव्हता. हे मी त्याला बोलून दाखवलं. दोनदा.

काठ निघाला. खाली निळ्या दोऱ्याची हातशिलाई, तुटलेली. निळ्याच्या आत काळा दोरा, तोही तुटलेला. काळ्याच्या आत गोधडीला वापरतात तसला जाड पांढरा.

मला क्षणभर कळेचना. मग लक्षात आलं. हा पट्टा याआधीही सुटला होता, पुन्हा पुन्हा. कुणीतरी आई जिन्यात, कुणी प्लॅटफॉर्मवर, अशीच पट्टा मुठीत धरून उभी राहिली असेल. घरी येऊन तिने तो शिवला, आणि पुढच्या बाळाला दिला.

हृषिकेशने पट्टा उजेडात धरला. "पट्टा ठणठणीत आहे गं. म्हणजे, फक्त टीप गेलीय. रोजचा भार, घाम, ऊन, टीपच जाते आधी. लॅबमध्ये बेल्टच्या दोऱ्याने शिवून आणतो. हत्ती लटकला तरी तुटणार नाही."

"आणि मग?"

"मग काय, नंदिनीला देऊ. तिला हवीच आहे ना. फक्त हे सगळं सांगत बसू नकोस, उगाच घाबरेल."

मी त्या तीन दोऱ्यांकडे बघत राहिले. प्रत्येक घरात हेच वाक्य कुणीतरी बोललं असणार. चांगल्या मनानेच.

संध्याकाळी नंदिनीचा फोन आला. सातवा महिना लागलाय तिला. "ऊर्मिलाताई, येत्या शनिवारी क्राक्से न्यायला येऊ का? सासूबाई म्हणतात, नवीन नकोच, तीच आणा, लाभलेली आहे. आणि तो काठ काय गोड आहे हो!"

हृषिकेश माझ्याकडे बघून मान हलवत होता. नको, नको. मी कात्री घेतली.

"नंदिनी, बसली आहेस ना? घाबरायचं तेवढं आत्ताच घाबर," मी म्हटलं, "आणि मग नीट ऐक."

मी सगळं सांगितलं. मनोरा, कुत्रा, निळा दोरा, काळा दोरा, पांढरा दोरा. बोलताना एका हाताने पट्टा कापत होते, पण तो इतका चिवट होता की कात्री नुसती घसरत होती. पलीकडे नंदिनी रडत होती. शेवटी हृषिकेश उठला, कात्री माझ्या हातातून घेतली आणि कापायला लागला. पट्टा खरंच ठणठणीत होता. तो कापायला त्याला बराच वेळ लागला.