चौथा माणूस

खिएमच्या लग्नात त्याच्या आईचा, लुआबाईंचा, एकच हट्ट होता. मुलगा, सून आणि आपण, असा एक फोटो हवा. नवरा गेल्यावर झेंडूच्या कुंड्या विकून त्यांनी पोराला एकटीनं वाढवलं होतं. मागणं काही फार नव्हतं. पण तिघांचा फोटो काढू नये, मधला आधी जातो, हे सा देक गावात शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

"मी राहते मध्ये," लुआबाई म्हणाल्या. "सूनमुख बघितलं. आता गेले तरी चालेल."

खिएम भडकला. दिएपच्या, म्हणजे नव्या सुनेच्या, डोळ्यांत पाणी आलं आणि मेकअप करणारीनं धावत येऊन ते टिपलं. तेवढ्यात कुणीतरी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे उदबत्त्यांच्या मागे खिएमच्या वडलांची तसबीर होती. ते धरून चार नाही का झाले?

लुआबाईंच्या थोरल्या वन्संनी निकाल दिला, गेलेली माणसं मोजायची नसतात. भाऊ त्यांचा, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

मग चौथा शोधणं आलं. पण एका काकाला बोलवावं तर काकू रुसणार, काकू आली की मामी का नको. शेवटी मांडववाला तोआन कमी पडलेल्या खुर्च्या घेऊन आला होता, त्यालाच उभा केला. तो बिचारा बनियनवर होता. कपाटातून लुआबाईंच्या नवऱ्याचा कोट काढून त्याला चढवला. नवरा काटकुळा, तोआन सुखी अंगाचा.

फोटोवाला हाओ म्हणायचा, मी फोटो काढत नाही, गोष्ट सांगतो. म्हणून तो कुणालाच कॅमेऱ्याकडे बघू देत नसे. चौघं देव्हाऱ्यापुढे ओळीत उभे राहिले, तोआन कडेला, त्याच्या शेजारी लुआबाई. तोआन ओठ न हलवता पुटपुटला, "ताई, श्वास सोडू का? कोटाचा भरवसा नाही."

लुआबाईंना हसू आवरलं नाही. मान मागे टाकून, दात दिसतील असं त्या हसल्या, आणि हाओनं नेमकं तेच टिपलं.

आल्बम आला. शेवटच्या पानभर तोच फोटो. गोष्ट तर अगदी स्पष्ट होती: नवरानवरी, आणि त्यांच्या शेजारी एक सुखी जोडपं. गल्लीत बायका विचारू लागल्या, लुआ, बोलली नाहीस गं कधी. फुलं घ्यायला येणारे व्यापारी तोआनला परस्पर शुभेच्छा देऊन आले.

थोरल्या वन्सं कात्री घेऊनच आल्या. "कापा त्याला."

हाओ म्हणाला, कापतो, पण मग उरले तीन, आणि मधला खिएम.

वन्संनी फोटो डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाल्या, "मागे माझा भाऊ आहे ना. तो धरून चार."

"आत्या, गेलेले मोजायचे नसतात म्हणालात," खिएम म्हणाला. "आणि मोजायचे तर आमचे दोघांचे देव्हाऱ्यापुढचे फोटो तिघांचे झाले. मध्ये बाबा."

"मग? मधला आधी जातो. तो गेलेलाच आहे."

आजपासून गेलेलेही मोजायचे, असं ठरलं. हाओनं पट्टी ठेवली आणि डोकं खाजवलं. तसबीर तोआनच्या खांद्यामागे होती, फ्रेमला त्याचा कान लागला होता. तोआन कापला की तसबिरीतला नवराही जात होता. पुन्हा उरले तीन.

वन्संनी कात्री पिशवीत टाकली. नवा फोटो काढू, मी उभी राहते, म्हणाल्या, आणि राहिल्या. त्या फोटोत लुआबाई जकातीच्या रांगेत उभ्या असल्यासारख्या दिसतात. तो फोटो आल्बमात आहे. भिंतीवर मात्र लुआबाईंनी पहिलाच लावला. कुणी विचारलं, हे कोण, तर म्हणायच्या, चौथा. आणि फुलांना पाणी घालायला निघून जायच्या. रात्री आरशात त्यांनी तसं हसून पाहिलं होतं. जमलं नव्हतं.

पुढच्या वर्षी नातू झाला. त्याला महिना झाल्याच्या जेवणाला हाओ आला आणि लुआबाई बाळ घेऊन देव्हाऱ्यापुढे उभ्या राहिल्या. फक्त दोघं. मागे तसबीर.

हाओनं कॅमेरा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. सगळ्यांनी मनात मोजलं. या बाजूला आजी, त्या बाजूला आजोबा. मध्ये बाळ.

लुआबाई बाळाचं टोपडं नीट करत राहिल्या.

वन्संनी खिएमकडे पाहिलं, दिएपकडे पाहिलं. तुम्ही दोघं या, असं त्या सहज म्हणू शकल्या असत्या. पण दिएप बाळाचे कपडे आणायला आत निघाली होती आणि खिएम कधी नव्हे तो पंगतीत वाढण्यात गुंतला होता. स्वतः उभं राहायचं, तर तो जकातीच्या रांगेसारखा फोटो त्यांनीही पाहिला होता.

"बोलवा त्या मांडववाल्याला," त्या शेवटी म्हणाल्या.

तोआन बाहेरच होता, खुर्च्या त्याच्याच होत्या. तो कोट घालून आत आला. लग्नानंतर तो परत द्यायचा राहून गेला होता, आणि मागायचाही राहून गेला होता. बगलेतली शिवण उसवून त्याला बेतशीर करून घेतला होता.

"उभा राहा," वन्सं म्हणाल्या. "पण तोंड उघडायचं नाही."

तोआननं तोंड उघडलं नाही. नुसता श्वास सोडला.