चार नकोत, एक पुरे

लिफ्टवाल्याला फक्त एक माणूस हवा होता. दवाखान्यात बरोबर यायला, कागदावर सही करायला आणि ऑपरेशननंतरचे दोन दिवस खाटेपाशी बसायला. दर गुरुवारी आम्ही चौघं त्याच्यापासून हाताच्या अंतरावर बसत होतो, तेही बायबल उघडून, आणि त्याला तो एक माणूस वेळेवर मिळाला नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे काहीतरी चांगलं होईल या आशेवर कोणी वाचत राहायला नको.

मी कवळ्या बनवतो. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, माप माझ्याकडे येतं, आणि मी मेण, प्लास्टर आणि गुलाबी हिरडी यांतून लोकांचे दात तयार करून परत पाठवतो. कारखाना म्हणावा असं काही नाही. एक लांबट खोली, एक लांब टेबल, खिडकीशी पॉलिशचं यंत्र आणि फळीवर नंबर टाकलेले जबडे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं तीस वर्षं भरतंय. टेबल मोठं म्हणून बायबलचा अभ्यास माझ्याकडे. गुरुवारी सहाला मी टेबलावरची भुकटी पुसायचो, बायको चहा आणायची, आणि आम्ही पाच जण बसायचो. मी, बायको, शिवणकाम करणाऱ्या मावशी, निवृत्त हेडमास्तर आणि लिफ्ट दुरुस्त करणारा लिफ्टवाला.

पहिली दोन वर्षं हा अभ्यास म्हणजे हेडमास्तरांचा तास होता. एका ओळीवर चाळीस मिनिटं. तेव्हाचं नाणं केवढं, तेव्हाचा कोस केवढा, कोणता राजा कोणाचा जावई. ते कमी म्हणून की काय, कोणी मन मोकळं केलं की सर उलटतपासणी घ्यायचे. मावशींनी एकदा लेकीच्या संसाराविषयी चार शब्द काढले, तर सरांनी "जावई काय करतो? पितो का? किती?" असं विचारून वर सहा उपाय सुचवले. मावशी महिनाभर आल्या नाहीत. माझंही डोकं उठलं होतं. तेव्हा मी नियम केला.

नियम साधा. उतारा दोनदा वाचायचा. पाच मिनिटं गप्प बसायचं. मग प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं, आपल्याला त्यात काय दिसलं ते. त्यावर कोणी काही बोलायचं नाही, विचारायचं नाही, शहाणपण शिकवायचं नाही. आमेन, आणि आपापल्या घरी.

आणि नियम लागू पडला, खोटं कशाला बोलू? मावशी परत आल्या. त्या गप्प पाच मिनिटांत रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजसुद्धा बरा वाटायचा. उतारा आत उतरायचा. सर तेवढे गाल फुगवून बसायचे, पण बसायचे. मी एका वहीत सगळ्यांची वाक्यं उतरून घ्यायचो. मला त्या नियमाचा फार अभिमान होता. गर्वाचं घर खाली, हे शिकायला बायबल लागत नाही, आईनेच शिकवलेलं असतं. पण शिकलेलं वेळेवर आठवेल तर ना.

लिफ्टवाला पन्नाशीचा. बायको गेलेली, मूलबाळ नाही, एक भाऊ दूर देशी आणि तो फोन उचलत नाही. उंच, वाकून चालणारा, नखांत कायमचं ग्रीस. बोलणं मोजकं. त्या थंडीत त्याचा आवाज बसला, तो बसलेलाच राहिला. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. बायकोने त्याच्या चहात आलं वाढवलं. आमची मजल तिथवर.

अशाच एका गुरुवारी उतारा होता तळ्याकाठच्या आजारी माणसाचा. अडतीस वर्षं तो तिथे पडून आहे. पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होतो, आणि ह्याला उतरवायला कोणी नाही. मी दोनदा वाचलं. गप्प बसलो. मावशींचं वाक्य झालं, बायकोचं झालं. मग लिफ्टवाला त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आमच्या कामात लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं तर वर एक माणूस उभा लागतो, आणि ह्या माणसासारखाच मलाही तो मिळत नाहीये."

मी वहीत लिहायला घेतलं, कारण वाक्य सुरेख होतं. हो, मला ते सुरेख वाटलं. तेवढ्यात सर पुढे सरकले.

"मिळत नाहीये म्हणजे? काय झालंय तुम्हाला? आणि हा आवाज कधीपासून असा आहे?"

लिफ्टवाल्याने सरांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मी प्लास्टर कालवायचा चमचा उचलून टेबलावर ठक्कन वाजवला.

"सर, नियम!"

"अहो, पण तो माणूस काहीतरी सांगतोय."

"सांगून झालंय त्यांचं. एक वाक्य. आता तुमचं."

लिफ्टवाल्याने तोंड मिटलं. सर लालबुंद झाले आणि म्हणाले, "मला आज काही दिसलं नाही." मला मनातून गंमत वाटली. वाटलं, बरी जिरली मास्तरांची.

पुढच्या गुरुवारी मीच उतारा निवडला, चार मित्रांचा. ते आपल्या लुळ्या मित्राला बाजेसकट उचलून आणतात, दारात गर्दी म्हणून छप्पर उकलतात आणि त्याला वरून येशूसमोर सोडतात. मुद्दाम निवडला नव्हता, ओळीने चाललो होतो असंही नव्हतं, हाताला लागला. लिफ्टवाल्याने ह्या वेळी कोणाकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या एका जुन्या डागावर बोट फिरवत म्हणाला, "चार नकोत, मला एक पुरे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चमच्याकडे पाहिलं. पुरे झालं तेवढं.

सगळे गेल्यावर बायको कप गोळा करताना म्हणाली, "अहो, त्यांना एकदा विचारा ना. काहीतरी बिनसलंय."

"आज त्यांना विचारलं की उद्या सर सुटले. एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, असं चालत नाही."

"नियम इथल्यापुरता ना? मग जा रस्त्यात गाठा."

"गुरुवारी बघू."

मला समजलं नाही, असं मी म्हणणार नाही. मला ऐकू आलं होतं, समजलंही होतं की ह्या माणसाच्या आयुष्यात काहीतरी कोसळतंय. पण विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की आपल्याला उठावं लागतं. नियमाने मला बसायला छान जागा दिली होती. दुसऱ्याचं दुःख ऐकायचं, मान खाली घालायची, आमेन म्हणायचं, आणि हात कोरडे ते कोरडेच. सरांना मी भोचक म्हणायचो. भोचक तर भोचक, पण त्यांना विचारावंसं तरी वाटलं.

तिसऱ्या गुरुवारी उतारा होता येशूला पकडून नेलं त्या रात्रीचा, बागेतला. येशू घाबरलेला आहे, तिघा मित्रांना म्हणतो माझ्याबरोबर जागे राहा, आणि परत येऊन पाहतो तर तिघंही झोपलेले. लिफ्टवाल्याचा आवाज त्या दिवशी इतका खाली गेला होता की मावशींनी कानाला हात लावला.

"सोमवारची तारीख गेली, आणि माझ्याजवळ जागं राहायला कोणी नव्हतं."

मी लिहून घेतलं. तारीख हा शब्दसुद्धा लिहिला. आमेन झालं.

त्या दिवशी तो सगळ्यांच्या मागे राहिला. कप विसळून पालथे घातले, टेबल पुसलं, मग पुन्हा पुसलं. मी यंत्र सुरू करून एका आजीबाईंच्या खालच्या कवळीला पॉलिश करायला बसलो होतो.

"भाऊ, जरा वेळ आहे का?"

"सकाळी नऊला द्यायचीय ही. आजीबाई आठवडाभर पेजेवर आहेत. गुरुवारी बोलू या का?"

"बरं," तो म्हणाला. पिशवी उचलली आणि गेला.

ही माझी बाजू आहे, आणि ती लंगडी आहे. तिथे ना बैठक होती, ना नियम होता. मी आणि तो, दोघंच होतो. कवळी अर्ध्या तासाचं काम होतं.

पुढचे तीन गुरुवार तो आला नाही. मी म्हटलं, रुसला असेल. मावशी म्हणाल्या, कामावर बाहेरगावी गेला असेल. चौघांतच वाचलं, चौघांनीच वाक्यं बोलली. चौथ्या आठवड्यात, सोमवारीच, सर माझ्या दारात उभे राहिले. हातात नेहमीची छत्री नाही, चष्मा पुसलेला नाही, आणि चक्क गप्प. सर गप्प म्हटल्यावर मी यंत्र बंद केलं.

"बसा ना."

"बसत नाही. मी काल त्याच्या घरी गेलो होतो. कोणाला न विचारता. तुमचा नियम मोडला म्हणा." त्यांनी चौकटीला हात टेकला. "घशात गाठ आहे. दवाखान्याने ऑपरेशनच्या तीन तारखा दिल्या. तीन. दर वेळी तो पिशवी भरून गेला, आणि बरोबर माणूस नाही म्हणून परत आला. सही करायला कोणी हवं, आणि दोन दिवस जवळ राहायला. एवढंच."

"मग आता?"

"आता मी नेलं त्याला. रात्रभर बसलो. सकाळी डॉक्टर म्हणाले, गाठ पसरलीय. उशीर झाला."

माझ्या हातात कुणाचा तरी वरचा जबडा होता. तो खाली ठेवायचं मला सुचलं नाही.

"सर, मला खरंच वाटलं नव्हतं की..."

"मी त्या दिवशी विचारलं होतं," सर म्हणाले. चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. "विचारलं होतं आणि तुमचं ऐकून गप्प बसलो. आयुष्यात एकदा कोणाचं ऐकलं."

ते गेले. मी हात धुतले, धुवूनही प्लास्टर राहिलं, आणि तसाच दवाखान्यात गेलो. बायबल पिशवीत टाकलं. का टाकलं ते विचारू नका, सवय.

वॉर्डच्या तोंडाशी एक नर्स टेबलावर कागद लावत बसली होती. मी तिला खाट विचारली आणि म्हटलं, "मी त्यांचा माणूस आहे. सही कुठे करायची? मी राहायलाही तयार आहे. दोन दिवस, चार दिवस, कितीही."

तिने कागद उलटून पाहिला. "सही ऑपरेशनला लागते, काका. त्यांचं ऑपरेशन नाहीये आता."

"तरी पण असू दे ना कुठेतरी माझं नाव."

"तसा कागदच नाही," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात काही वाईट नव्हतं. "भेटायची वेळ साडेपाचपर्यंत आहे. जा तुम्ही."

बैल गेला आणि झोपा केला. ही म्हण मी आजवर दुसऱ्यांनाच ऐकवत आलो होतो.

लिफ्टवाला भिंतीकडच्या खाटेवर बसला होता. रात्रीच श्वासासाठी त्याच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती, त्यामुळे आवाज आता अजिबात नव्हता. मांडीवर एक छोटी पाटी आणि खडू. मला पाहून त्याने सरकून जागा केली, जणू मी रोजच येतो. नखांतलं ग्रीस कोणीतरी घासून काढलं होतं. ते हात मला ओळखू येईनात.

मी बसलो. पिशवीतून बायबल काढलं. "एखादं स्तोत्र वाचू का?"

त्याने मान हलवली, नाही. पाटीवर लिहिलं, *वाचू नका. बोला.*

तीस वर्षं मी लोकांच्या तोंडात दात बसवतोय आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी म्हटलं, उकडतंय का. म्हटलं, उशी उंच करू का. म्हटलं, मावशींनी विचारलंय, जे खोटं होतं, कारण मावशींना अजून माहीतच नव्हतं. त्याने प्रत्येकाला मान हलवून उत्तर दिलं. शेवटी मला राहवलं नाही. रडू येत होतं आणि रडण्याआधी माणसाला राग येतो, तसा तो मला आला, त्याच्यावरच आला.

"अहो, पण तुम्ही मला सरळ सांगितलं का नाही? एका शब्दाने सांगायचं होतं. मी आलो नसतो का?"

त्याने तळव्याने पाटी पुसली. लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकली हे गिऱ्हाइकाला सांगावं, तितक्या शांतपणे त्याने लिहिलं आणि पाटी माझ्याकडे वळवली.

*सांगितलं होतं. तीनदा.*