वळवायचं राहून गेलं

मित्रांनो, मी एक जुना रबर प्लांट आहे. नाव रबराचं असलं तरी ताणून बघायला येऊ नका. खाली खोड केव्हाच टणक झालंय, कोवळा उरलाय तो फक्त शेंडा.

सरांनी मला रोपवाटिकेतून आणलं तेव्हा मी वीतभर होतो. बसमध्ये त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि शेजारच्याला धक्का लागू दिला नाही. सर शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांची लेक तेव्हा दोन वेण्या घालायची. आई नसलेल्या त्या घरात बोलायला माणसं दोनच, म्हणून मलाही गप्पांत धरायचे.

दर रविवारी चहा झाला की सर माझी कुंडी थोडी वळवायचे, कारण मी सारखा खिडकीकडे झुकायचो. "असं का होतं?" असं लेकीने एकदा विचारलं आणि सरांना निमित्तच हवं होतं. त्यांनी सांगितलं ते मला पाठ आहे, कारण ते माझ्याबद्दलच होतं. माझ्या शेंड्याला, कोवळ्या पानांत, ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. कुठे वाढायचं आणि किती, हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा. ते एका पेशीतून दुसऱ्या पेशीत असं खाली उतरतं. पेशीत शिरणं त्याला फार जड जात नाही, पण एकदा शिरलं की अडकतं. बाहेर पडायला दारं लागतात. ही दारं म्हणजे पेशीच्या कडेला बसलेली प्रथिनं. बरीचशी दारं पेशीच्या तळाशी असतात, म्हणून ऑक्सिन खाली जातं. उजेड एकाच बाजूने आला, की पेशी काही दारं आत ओढून घेते आणि सावलीच्या अंगाला नेऊन बसवते. मग ऑक्सिन सावलीकडे साचतं, तिकडच्या पेशी जास्त लांबतात आणि शेंडा उजेडाकडे वळतो.

"त्याला हात नाहीत," सर म्हणाले, "पण दारं कुठे बसवायची, ते त्याच्या हातात आहे."

लेक खूप हसली. एवढं कौतुक माझं पुन्हा कधी झालं नाही.

वर्षं गेली. सर निवृत्त झाले, लेक घरीच शिवणकाम करू लागली. आणि एका सकाळी सर मोरीच्या दारात कोसळले. दवाखान्यातून परत आले ते स्ट्रेचरवरून. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. त्यांचा पलंग माझ्या शेजारी, खिडकीच्या भिंतीला लावला. दवाखान्यात लेकीला घाईघाईत खूप काही सांगितलं होतं. गोळ्यांच्या वेळा, पातळ जेवण, हातापायांचे व्यायाम. ते सगळं ती डोळ्यांत तेल घालून करायची. मात्र उचलायला गेलं की सर कण्हायचे, म्हणून तिने त्यांना हलवणंच कमी केलं. बाबांना त्रास नको, एवढंच तिच्या मनात. उताणे निजलेल्या सरांची पाठ ती हात खाली घालून जमेल तशी पुसायची.

काही दिवसांनी सर मान माझ्याकडे करून एकटक बघायला लागले. घशातून आवाज काढायचे. लेक शिवणयंत्रावरून धावत यायची. पाणी देऊन बघायची, पांघरूण काढून बघायची. आवाज थांबायचा नाही. मग एकदा तिची नजर माझ्यावर गेली आणि तिचा चेहरा उजळला. बाबांच्या आयुष्यात रविवारची कुंडी कधी चुकली नव्हती, ते तिला आठवलं.

तिने मला वळवलं. सर आणखी जोरात कण्हले. तिने पुन्हा वळवलं. मग रोजच ते सुरू झालं, दिवसातून कितीतरी वेळा. माझ्या पेशी बिचाऱ्या दारं उचलून एका बाजूला नेतात न नेतात, तोच उजेड दुसरीकडून यायचा. माझी खालची पानं गळू लागली. पण पानांचं काय एवढं! सर माझ्यासाठी कण्हत नव्हते, मित्रांनो. त्यांना माझ्या बाजूच्या कुशीवर व्हायचं होतं. एका जागी खिळलेल्याला काय हवं असतं, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो आणि काहीही करू शकत नव्हतो. तिने कुंडीला हात लावला की मला वाटायचं, बाई, हाच हात जरा डावीकडे, सरांकडे ने.

मग सरांची लघवीची नळी बदलायला दवाखान्यातून नर्सबाई आल्या. त्यांनी एक हात सरांच्या खांद्याखाली, एक कमरेखाली घातला आणि अलगद त्यांना कुशीवर केलं. सतत उताणं पडून माकडहाडापाशी कातडी गेली होती. जखम चांगली खोल होती.

"यांना कुणी वळवलंच नाही का?" नर्सबाईंनी विचारलं.

लेक माझ्याकडे बघत राहिली. "बाबा झाडाकडे बघत होते," ती म्हणाली. "मी झाड वळवत होते."

नर्सबाई तिला रागावल्या नाहीत. त्यांनी तिचे हात धरून सरांच्या खांद्याखाली ठेवले आणि कसं वळवायचं ते दाखवलं. खिडकीकडे तोंड होताच सरांचा आवाज थांबला. ते कण्हणं इतके दिवस कशासाठी चाललं होतं, ते लेकीला तेव्हा कळलं आणि ती पलंगाची कड धरून रडली.

जखम अजून भरलेली नाही. भरेल की नाही, हे नर्सबाईही सांगत नाहीत. लेक आता घड्याळ लावून यंत्रावरून उठते, सरांना या कुशीवरून त्या कुशीवर करते. माझी कुंडी मात्र तिने त्या दिवसापासून हलवलेली नाही. माझ्यावर धूळ बसलीय आणि मी चांगलाच वाकडा झालोय.

मित्रांनो, झाडांची काळजी घ्या, असं मीही तुम्हाला सांगणार होतो. पण माझं एवढं मनावर घेऊ नका. मला विसरलात तरी माझ्या पेशी दारं हलवतील आणि मी उजेडाकडे वळेन. तुमच्या घरात कुणी न बोलता पडून असेल, तर आधी त्याच्या पाठीखाली हात घाला आणि त्याला कुशीवर वळवा.