मोगऱ्याला चोरून पाणी

सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालो आणि मला नसते उद्योग सुचायला लागले. त्यातला हा सगळ्यात वाईट.

अंगणातला मोगरा सुवर्णानं, म्हणजे माझ्या बायकोनं, आमच्या हर्षालीच्या जन्माच्या वर्षी लावलेला. दर पौषात ती त्याचं पाणी तोडते. झाडाला ताण बसला, पानं गळली, की छाटणी, शेणखत आणि मगच पाणी. चैत्रात झाड फुलांनी भरून जातं. यंदा चैत्रातच हर्षालीचं डोहाळजेवण होतं. लेकीला घरच्या मोगऱ्याच्या दागिन्यांनी मढवणार, असं सुवर्णानं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलेलं.

मला मात्र त्या मान टाकलेल्या झाडाकडं बघवेना. बाई आहे की कसाई, असंही मनात आलं. ती भजनाला गेली की मी गुपचूप दोन तांबे पाणी ओतायचो आणि वरून कोरडी माती पसरायचो.

फाल्गुनात झाड हिरवंगार झालं. पानंच पानं, कळी औषधालाही नाही.

सुवर्णा रोज एकेक फांदी उलटून बघायची. "माझाच हात बिघडला हो," म्हणायची. "खत जास्त पडलं असेल. वय झालं माझं." मी समोर बसून चहा प्यायचो. रोज वाटायचं सांगून टाकावं आणि रोज तोंड उघडायची लाज वाटायची.

शेवटी बाजारातून गजरे आणले.

"आई, आपला मोगरा गं?" हर्षालीनं पाटावर बसता बसता विचारलं.

"माझंच चुकलं, बाळा." ओटीचं ताट सुवर्णानं विहीणबाईंपुढं सरकवलं. "तुम्हीच भरा. माझ्या हाताला यंदा यश नाही. लेकीच्या ओटीला तो हात नको."

आता मात्र मला राहवेना. "सुवर्णा, तुझा हात चांगला आहे. ताणात पाणी मी घालत होतो. चोरून."

सुवर्णानं माझ्याकडं पाहिलं. मोगऱ्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.

"महिनाभर मी माझ्या हाताला बोल लावत होते," ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही समोरच बसला होतात ना?"

मी मान डोलावली. तिनं ताट परत घेतलं आणि लेकीची ओटी भरली.

दुसऱ्या सकाळी तिनं रोजच्यासारखाच चहा दिला. तिच्यासमोर बसून तो प्यायला मला जमलं नाही.